रफाराची उडी

"मावशी, तिथं तुला कोणी काही विचारणार नाही. तू फक्त बसून राहा," हे भाच्यानं मेट्रोत मला तीनदा सांगितलं. आम्ही चितारओळी चौकातून बसलो, शंकरनगर चौकात उतरलो, एका इमारतीचे दोन जिने चढलो. दाराशी चपला काढायच्या की नाही यावर मी जरा अडले (काढायच्या नव्हत्या). आत जाऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच गोल करून बसलेल्या वीस-बावीस पोरांतल्या एकानं मलाच विचारलं, "आणि तुम्ही कोणता एडिटर वापरता?"

माझी सगळी नोकरी छापखान्यात गेली. एडिटर ही वापरायची वस्तू नाही हे मला ठाऊक आहे. एडिटर म्हणजे रात्री साडेनऊला येऊन, प्लेटा निघायच्या वेळी मथळा बदलून मागणारा गृहस्थ. मी खरं ते सांगून टाकलं : "आमच्याकडे एडिटर नव्हते. लग्नपत्रिकांना आणि पावतीपुस्तकांना लागत नाही. प्रूफरीडर होते एक, ते वारले."

खोली गप्प झाली. मग कोपऱ्यातली एक चष्मेवाली मुलगी एवढी हसली, की तिच्या मांडीवरचा लॅपटॉप घसरला. भाचा छताकडे बघत होता. या लोकांच्या भाषेत एडिटर म्हणजे प्रोग्राम ज्यात टाइप करायचा ती खिडकी, आणि कोणाची खिडकी चांगली यावरून यांच्यात सासवासुनांसारखी भांडणं चालतात, हे मला नंतर समजलं. हसून झाल्यावर त्या मुलीनंच शेजारी खुर्ची ओढली. "काकू, इकडे बसा. आजवरचं सगळ्यात भारी उत्तर आहे हे."

आता मी तिथं कशी पोचले ते सांगते.

१९९१ साली मी मराठी टायपिंगची चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा दिली. रेमिंग्टनचं यंत्र, करंगळीत गोळे येईपर्यंत सराव. पुढं चार-पाच वर्षांनी नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात डीटीपीला लागले. शाळांच्या प्रश्नपत्रिका, बारशाची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल, आणि दिवाळीच्या आधी दोन महिने झाडीपट्टीची नाटकं. पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं : गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा आमचा झाडीपट्टा. धान निघालं की गावोगावी मंडई भरते, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट होतो आणि रात्री नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या धंद्याचं मुख्य ठाणं. तिथल्या नाटककारांच्या वह्या माझ्याकडे यायच्या. प्रॉम्प्टरला अंधुक उजेडात वाचता यावं म्हणून मी अक्षर मोठं ठेवायची.

गेल्या पावसाळ्यात वडशाहून अशाच एका नाटककाराचा फोन आला. त्यांना मी दादा म्हणते. २००३ साली त्यांचं एक नाटक मी टाइप केलं होतं. मूळ वही वाळवीनं खाल्ली, प्रती नाटक कंपन्यांनी नेल्या त्या गेल्याच, आणि आता एका कंपनीला तेच नाटक पुन्हा उभं करायचं होतं. "बाई, तुमच्याकडं असंल न कुठं तरी?" होतं. माझ्याकडं सगळ्या कामांच्या सीड्या बिस्किटांच्या डब्यात आहेत. भाच्यानं कुठून तरी सीडी वाचणारा डबा पैदा केला आणि फाइल उघडली. पडद्यावर नाटक नव्हतं. इंग्रजी अक्षरांचा पूर आला होता. यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. पुन्हा काही तरी. अशी सत्तर पानं.

"सडली ही फाइल," भाचा म्हणाला.

"अरे, सडली कुठं? नागपूर लिहिलं आहे ते," मी म्हटलं.

त्याचं असं आहे, की कृतिदेव आणि त्याच्या पिढीतले फॉन्ट म्हणजे सोंग होतं. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असायची, फॉन्ट त्यांच्या तोंडावर देवनागरीचे मुखवटे बांधायचा. यूला न, केला काना, एक्सला ग, आयला प, डब्ल्यूला दुसरा उकार, जेला र. मुखवटे जागेवर असले की नागपूर. फॉन्ट नसला की सोंगं उघडी पडली. माझ्या बोटांना ते मुखवटे तीस वर्षं पाठ, म्हणून मला ते वाचता आलं. त्यात हुशारी काही नाही. आता युनिकोड आलं. त्यात क ला क चाच क्रमांक असतो, तो कुठल्याही यंत्रावर क च राहतो. माझ्या सत्तर पानांना या नव्या व्यवस्थेत आणायचं होतं. मी पुन्हा टाइप करायला बसणारच होते, पण भाचा म्हणाला, असली कामं बोलता बोलता करून देणारी माणसं महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी जमतात, पैसे घेत नाहीत. हे ऐकून मला पहिली शंका आली ती त्या माणसांबद्दलच. महालात कोणी फुकट कॅलेंडरसुद्धा देत नाही.

पहिल्या अर्ध्या तासात मला एकही वाक्य धड कळलं नाही. एक मुलगा पडद्यापुढं उभा राहून 'पॅकेजिंग'वर बोलत होता. मला वाटलं, संत्र्याच्या पेट्या. तो पायथनवर बोलला, मग ॲनाकोंडा निघाला, मग पांडाज. पोस्टग्रेस म्हणून काही तरी होतं, त्याचं चित्र हत्तीचं. पुढच्या मुलाच्या लॅपटॉपवर पेंग्विन चिकटवलेला. महाराजबागेतल्या प्राणिसंग्रहालयात तिकीट न काढता शिरल्यासारखं वाटायला लागलं. आणि जिथं तिथं 'पाय'. पायपीआय, पायटेस्ट, पायचार्म. मी सवयीनं सगळं वहीत उतरवत होते. मध्येच पान वाचून पाहिलं तर हाडवैद्याची नोंदवही वाटली.

चष्मेवाली मला कुजबुजत एकेक शब्द सोडवून देत होती. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा, आणि तिचं नाव अजगरावरून आलेलंच नाही. गिडो वॅन रॉसम नावाच्या डच माणसानं १९८९च्या नाताळच्या सुटीत ॲमस्टरडॅमला ती लिहायला घेतली. त्याला बीबीसीवरच्या 'माँटी पायथन' या विनोदी कार्यक्रमाचं वेड, म्हणून ते नाव. बोधचिन्हातले साप नंतर आले. या भाषेत ओळ आत घेण्याला अर्थ असतो. जिथं हवी तिथं ओळ आत घेतली नाही, तर प्रोग्राम चालतच नाही. हे मला एकदम पटलं. इंडेंट चुकला म्हणून आमच्या प्रूफरीडर काकांनी अख्खं पान परत पाठवलेलं मी पाहिलं आहे.

शेजारच्या मुलाच्या काळ्या पडद्यावर मला एक ओळ दिसली : युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशा अर्थाची. मला वाटलं, मुलगा एखाद्या सेवाभावी संस्थेत आहे. तो म्हणाला, "नाही काकू, हाच माझा एडिटर." त्याचं नाव विम. ब्रॅम मूलेनार या माणसानं तो बनवला, सगळ्यांना मोकळा दिला, आणि आवडला तर युगांडातल्या अनाथ मुलांसाठी पैसे पाठवा एवढंच मागितलं. मूलेनार २०२३ साली गेले. त्यांची ती ओळ रामदासपेठेच्या हाकेवरच्या एका खोलीत, हिंगण्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या पडद्यावर अजून उगवते. मी त्या मुलाला विचारलं, तू पाठवलेस का पैसे? तो लाजला. "नोकरी लागली की."

विम पहिल्यांदा बाहेर आला तो १९९१च्या नोव्हेंबरात. त्याच वर्षी फेब्रुवारीत पायथन लोकांच्या हाती पडली, ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करत असल्याचं जाहीर केलं, तीच पुढं लिनक्स झाली, आणि ऑक्टोबरात युनिकोडचा पहिला खंड निघाला. म्हणजे जगात हे सगळं सुरू होत होतं तेव्हा मी आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये टकटक करत बसले होते. मला कोणी कळवलं नाही.

पडद्यावरचं भाषण संपलं, टाळ्या झाल्या, सांबारवडीची पिशवी उघडली. (नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. बाहेरच्यांनी वाटी शोधू नये.) एवढ्यात मुलीनं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. मी हात पुसले.

काळा पडदा, डावीकडं तीन टोकदार कंस, त्यांच्यापुढं लुकलुकणारी रेघ. "हा प्रॉम्प्ट," ती म्हणाली. प्रॉम्प्ट मला ठाऊक आहे. झाडीपट्टीतल्या नटाला आज या कंपनीत हे नाटक, उद्या त्या कंपनीत ते. पाठ कधी करणार? विंगेतला प्रॉम्प्टर वाक्य सोडतो, नट ते झेलतो. इथं उलटा कारभार. प्रॉम्प्ट गप्प बसून तुमच्या वाक्याची वाट बघतो, आणि तुम्ही चुकलात की पानभर बोलतो.

तिनं अवतरणचिन्हांत 'नागपूर' लिहायला सांगितलं आणि त्याची लांबी विचारायला लावली. मी म्हटलं, चार. यंत्र म्हणालं, सहा.

मुलं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी थोडा वेळ विचार केला आणि म्हटलं, "खिळे मोजतंय हे." आमच्या छापखान्यात एक जुने कंपोझिटर होते, शिशाच्या खिळ्यांच्या काळातले. ते शब्द उचलत नसत, खिळे उचलत. काना हा वेगळा खिळा. न, काना, ग, प, दुसरा उकार, र. झाले की सहा. मग पहिलं अक्षर काढून दाखवायचं ठरलं. त्यासाठी एक लिहायचा नाही, शून्य लिहायचं. इथं सगळे नवखे दचकतात म्हणे. शून्य मैलाचा दगड असलेल्या गावात राहून शून्यापासून मोजायला मी कशाला दचकू? आलं ते 'न', 'ना' नाही. पुढचा आकडा टाकला तर नुसता काना आला, ठिपक्यांच्या गोलाला टेकून उभा, परगावच्या स्टँडवर रात्र काढणाऱ्या माणसासारखा.

"आता उलटं करा," मुलगी म्हणाली. उलटं करायचा मंत्र : चौकटी कंसात दोन विसर्ग आणि उणे एक. ते विसर्ग नसतात, पण मला तसेच दिसले आणि मी तसेच लक्षात ठेवले. मी कळ दाबली. पडद्यावर आलं :

रूपगान.

मी ते मोठ्यानं वाचलं. दाराशी बोलत उभे असलेले दोघे आत आले. लहानपणी आम्ही शब्द उलटे म्हणायचो तेव्हा नागपूरचं 'रपूगना' व्हायचं, काही तरी शिवीसारखं. पण यंत्र अक्षरं फिरवत नाही, खिळे फिरवतं. म्हणून उकारानं प ला सोडून र ला धरलं, कान्यानं न ला सोडून ग ला धरलं, आणि धूळ, मिरच्या आणि सत्तेचाळीस अंशांच्या या गावाच्या पोटातून रूपगान निघालं. त्या खोलीत आठ-आठ, दहा-दहा वर्षं प्रोग्राम लिहिणारी पोरं होती. कोणी आपल्या गावाचं नाव उलटं करून पाहिलेलं नव्हतं. इंग्रजीत बहुतेक सगळ्यांनी केलं होतं.

मग काय, सभेचा कार्यक्रम मोडला. रामटेकचं केटमार झालं. काटोलचं लोटाक. सावनेरचं रेनवास, हे त्यातल्या त्यात शोभलं. सीताबर्डीची तर सुरुवातच बेवारशी वेलांटीनं व्हायला लागली, कारण शब्दाच्या शेवटी मात्रा असली की उलट्यात ती सगळ्यांच्या पुढं येते आणि टेकायला अक्षर मिळत नाही. कामठीवाले एक गुरुजी आले होते, शाळेत गणित शिकवणारे. त्यांच्या गावाचंही तेच झालं. ते दोन मिनिटं नाराज होते.

या गोंधळात कोणी तरी विचारलं, "काकू, तुमचं काम काय होतं?"

मी पेनड्राइव्ह काढून दिला. मिहानमध्ये नोकरी करणारा एक दाढीवाला मुलगा तो घेऊन बसला. अशी रूपांतरं करणारे तयार प्रोग्राम आहेत, पण माझ्या फाइलीतला फॉन्ट त्या घराण्यातला कोणी चुलत भाऊ निघाला. काही जोडाक्षरं भलत्याच कळांवर. म्हणून मी तोंडानं सांगत गेले, तो लिहीत गेला. ही कळ अमुक, ती कळ तमुक. मध्येच तो 'छोटी इ की मात्रा' म्हणाला. मी म्हटलं, "पहिली वेलांटी म्हण. सगळं शिकलास, एवढंही शीक." तो बिचारा "हौ काकू" म्हणून पुढं गेला. हिंदी-मराठीच्या खिचडीवर मी सहसा बोलत नाही, माझ्याच घरात ती रोज शिजते. पण वेलांटी हा धंद्याचा शब्द आहे.

पंधरा-वीस मिनिटांत यादी झाली. त्यानं कळ दाबली आणि सत्तर पानं दोन-तीन सेकंदांत देवनागरीत उभी राहिली. मी टाइप करायला तेव्हा नऊ दिवस घेतले होते. माझ्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही, पण घसा जरा कोरडा पडला. पहिला प्रवेश जंगलातला. वाचायला लागले : 'समोरून एक हिरण पळत जाते.'

"हरिण आहे ते," मी म्हटलं.

"हिंदी शब्द टाकला असेल न काकू त्यांनी. आपल्याकडे चालते."

"चालते. पण खालच्या ओळीत 'किवता' आहे, ती कोणत्या भाषेत चालते?"

दाढीवाला वाकून बघायला लागला. त्याला चूक दिसत होती, कारण दिसत नव्हतं. मला चूक दिसायच्या आधीच कारण कळलं होतं, कारण ते माझ्या हाताच्या सवयीत होतं. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात. कागदावर ती डावीकडं असते, गाडी डावीकडून उजवीकडं जाते, तेव्हा आधी वेलांटी, मग तिच्या आडोशाला अक्षर. जुन्या फॉन्टांनी तीच रीत उचलली. युनिकोड मात्र उच्चाराप्रमाणं चालतं : आधी र, मग त्याची इ. माझ्या फाइलीत ह, वेलांटी, र, ण असा क्रम होता. प्रोग्रामनं तो जसाच्या तसा नेला, वेलांटी मागच्या ह ला चिकटली आणि हरणाचा हिरण झाला. कवितेची किवता झाली.

"म्हणजे वेलांटीला एक उडी मारायला लावायची," तो म्हणाला.

"एक नाही. 'स्थिती' लिही बघू."

त्यानं वेलांटीला एक घर पुढं ढकललं होतं. पडद्यावर आलं 'सि्थती'. हे तुम्हीही पाहिलं असेल, इंटरनेटवर मराठी बातम्यांत असे लंगडे शब्द अधूनमधून भेटतात. ते का लंगडतात ते मला त्या रात्री कळलं. वेलांटीला अर्ध्या स वर उतरवून चालत नाही. सगळं जोडाक्षर ओलांडून पलीकडं जायला हवं. आणि रफार याच्या बरोबर उलट. तो आम्ही सगळ्यात शेवटी मारतो, कारण तो डोक्यावर बसतो. उच्चारात मात्र तो आधी येतो. तेव्हा रफारानं मागं उडी मारायची. पोरानं तीही एका घराची लावली. 'वर्ग' बरोबर आला, सगळे खूश. मी म्हटलं, 'वर्धा' लिहा. वर्धा फुटली. टायपिंगमध्ये व, ध, काना आणि मग रफार असतो. एका घराची उडी त्याला ध आणि कान्याच्या मधल्या फटीत टाकते. त्यानं काना ओलांडायचा, ध ओलांडायचा, आणि तिथं जोडाक्षर असेल तर तेही.

"काकू, हे कुठं लिहिलेलं आहे?" दाढीवाल्यानं विचारलं.

मला उत्तर सुचेना. कुठंच नाही. टायपिंगच्या सरांनी पट्टीनं बोटांवर लिहिलं होतं.

पडद्यावर चुका शोधून माझे डोळे शिणतात, म्हणून मी दहा पानं छापून मागितली. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. त्या ऑफिसात कित्येक महिन्यांत कोणी काही छापलं नव्हतं. प्रिंटर सापडला, धूळ झटकली, तिसऱ्याच पानाला कागद अडकला. मी झाकण उघडून अडकलेला कागद रुळाच्या दिशेनं ओढून काढला. त्या संध्याकाळी मला आपोआप आलेलं हे एकमेव काम.

"असाच एक प्रिंटर अडकला नसता, तर आपण आज इथं बसलो नसतो," कामठीचे गुरुजी म्हणाले आणि त्यांनी गोष्ट सांगितली. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. तिथल्या जुन्या प्रिंटरचा कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जावा, अशी सोय त्यानं प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये करून ठेवली होती. पुढं झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, तोही अडकायचा. पण त्याचा मूळ प्रोग्राम कोणी देईना. दुसऱ्या विद्यापीठात एकाकडं तो होता. स्टॉलमन त्याच्याकडं गेला, तर तो म्हणाला, मी कोणाला देणार नाही असं लिहून दिलं आहे. ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यानं जाहीर केलं, की ज्याचा प्रोग्राम कोणालाही वाचता, बदलता, वाटता येईल अशी सगळी व्यवस्थाच मी नव्यानं उभी करतो.

इंग्रजीत या मंडळींना एकाच 'फ्री' शब्दानं फार छळलं आहे म्हणे. मोफत की मोकळं, हे प्रत्येक सभेत समजावून सांगावं लागतं. आपल्याकडं मुक्त वेगळं, फुकट वेगळं. मी हे म्हटल्यावर चष्मेवालीनं ते लिहून घेतलं. ती स्वतः आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर शिकलेली, त्यांचे धडे मराठीत ऐकून. तरी त्या संध्याकाळच्या भाषणात पडद्यावर आलेलं प्रत्येक अक्षर इंग्रजी होतं आणि खोलीतलं प्रत्येक बोलणं मराठी नाही तर हिंदी. मला ते खटकलं, मी बोलूनही दाखवलं. "पुढच्या वेळी तुम्हीच करा न मराठीत," असं उत्तर आलं. या लोकांशी तक्रार करायची सोय नाही. जो तक्रार करतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, अशी इथली रीत दिसली.

छापलेली पानं घेऊन मी लाल पेननं बसले. प्रूफाच्या खुणा : समासात दांडी, उलट्या अक्षराची खूण, जागा सोडायची खूण. मुलं माझ्याभोवती अशी उभी, जशी मी रांगोळी काढते आहे. सात प्रकारच्या चुका निघाल्या. अर्धा र घ्या. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला होता, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांत समुद्र भरला. दादांचा नायक त्या दऱ्यांतून धावतो. पोहणार होता की काय? एका मुलानं माझ्या पानांचे फोटो काढले, दुसऱ्यानं प्रत्येक चुकीची वेगळी नोंद केली. "काकू, तुमचे सात इश्यू झाले," तो म्हणाला. आमच्या धंद्यात इश्यू म्हणजे अंक, आणि अंक काढायला लोक कर्ज काढतात. इथं चूक दाखवली की इश्यू निघतो, तो तुमच्या नावावर राहतो आणि त्याला मान असतो. बाकी ठिकाणी चूक दाखवली की काय मिळतं ते प्रूफरीडरांना विचारा.

नावावर राहायचा म्हणजे खातं हवं. भाच्यानं माझं खातं काढून दिलं. मी पासवर्ड वहीत मोठ्या अक्षरात लिहायला घेतला तर सात-आठ जण एकदम ओरडले. संध्याकाळभरात त्यांना एवढं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं.

निघताना मी पर्स उघडली आणि दाढीवाल्याला विचारलं, "किती द्यायचे?" तो म्हणाला, "बाकीची साठ पानं तपासून द्या." आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं बिल असं केलं. परतीच्या मेट्रोत भाचा माझ्याशी बराच वेळ बोलला नाही. झाशी राणी चौक गेल्यावर म्हणाला, "मावशी, तू म्हणे तिथं गप्प बसणार होतीस."

ती साठ पानं मी महिनाभर रोज रात्री जेवणानंतर तपासली. वेलांट्या आता जागच्या जागी आहेत. हरिण हरिणच आहे. रफार मात्र सगळा सुटलेला नाही. जोडाक्षरावर मात्रा आणि त्या दोन्हींवर रफार, वर अनुस्वार, असा चार मजली डोलारा आला की प्रोग्राम अजून अडखळतो. पहिल्या अंकात ते फारसं जाणवत नाही, तिथं विनोद आणि लावणी आहे. तिसऱ्या अंकात गडबड आहे. झाडीपट्टीचा तिसरा अंक म्हणजे धर्म, कर्तव्य, सूर्य, निर्णय, सर्वनाश. दर ओळीला दोन-दोन रफार.

परवा वडशाहून दादांचा फोन आला. कंपनीनं तारीख घेतली आहे, नट ठरले आहेत. त्यांना एकच गोष्ट आठवत नव्हती. त्या नाटकाचे शेवट त्यांनी दोन लिहिले होते, आणि मला टाइप करायला कोणता दिला होता कोण जाणे.

"बाई, फाइलीत पाहा जरा. हिरो मरते का जगते?"

मी लॅपटॉप उघडला, शेवटच्या पानापर्यंत गेले.

"दादा," मी म्हटलं, "तो अजून रफारात अडकला आहे. शनिवारी पोरांना विचारून सांगते."